कढईच्या सामन्याआधी दिलेला हात

३ ऑक्टोबर १९८३, सोमवार

गेल्या वर्षी समितीत कोण काय बोललं यावरून मार्च उजाडेपर्यंत भांडणं चालली. म्हणून यंदा मी सगळं लिहून ठेवणार. मी, व्हर्नन टीग, असं बोललोच नव्हतो, असं पुढे कोणी म्हणायला नको.

बियाण्यांचं दुकान लवकर बंद करून पहिली बैठक घेतली. समितीचे काकवीच्या रंगाचे कोट कपाटांतून बाहेर आले. माझ्या कोटाचं बटण लोंबत होतं, ते माझ्या बायकोने, इमोजीनने, शिवून दिलं. आमंत्रण समितीचा प्रमुख यंदाही मीच. हे काम कोणालाच नको असतं असं मी चारचौघांत म्हणतो, पण खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

परिस्थिती बिकट आहे. माझे वडील गिरणीत काकवी आटवायचे तेव्हापासून हॅन्सफर्ड गाव डिसेंबरात सिरप बोल नावाचा फुटबॉलचा सामना भरवतंय. हंगाम संपला की दोन चांगल्या कॉलेजांच्या संघांना बोलवायचं, मुख्य रस्त्यावरून मिरवणूक काढायची, एक सामना खेळवायचा आणि वर्षभर त्यावर तोंडाची वाफ दवडायची. गेल्या डिसेंबरात पाऊस पडला आणि अर्धं मैदान रिकामं राहिलं. टीव्हीवाले म्हणाले, यंदा भरलं नाही तर आम्ही येणार नाही. टीव्ही गेला की बोल गेला. गिरणी तर केव्हाच बंद पडली. मग या गावात उरणार काय? पेट्रोल पंप आणि आम्ही म्हातारे.

एक संघ कॅरोलायनाचा जवळपास ठरलाय. दुसरा आपल्या जॉर्जियातला हवा, म्हणजे लोक गाड्या भरभरून येतील. पिकार्ड युनिव्हर्सिटी यंदा एकही सामना हरलेली नाही. सटिला स्टेट एक हरलीय. आमचा मुलगा डॉइल सटिलाच्या संघात आहे, शेवटचं वर्ष. म्हणून मी सटिलाचं नाव तोंडातून काढलंच नाही. ते काढलं आमच्या डॉक्टरने, अमोस पर्सेलने. तो सटिलाला शिकला, त्यामुळे त्याचं चालायचंच.

९ ऑक्टोबर, रविवार

काल सटिलाचा सामना रेडिओवर ऐकला. तीन वर्षं इमोजीनने सटिलाच्या मैदानावरचा एकही सामना चुकवला नव्हता. चिकन तळून डब्यात भरायची आणि स्वतः गाडी हाकत जायची. यंदा म्हणते, गाडीत फार वेळ बसवत नाही. म्हटलं, वय झालं बाई तुझं. ती हसली.

सटिला आणखी एक हरली. दोन झाले.

डॉइल सेंटर आहे. म्हणजे वाकून पायांमधून चेंडू मागे द्यायचा आणि लगेच समोरच्या रेड्याला अंगावर घ्यायचं. बोंब झाली तरच त्याचं नाव रेडिओवर येतं. काल एकदाही आलं नाही, म्हणजे पोरगा चांगला खेळला. मी इमोजीनला विचारलं, "सेंटरचा खेळ बघायला तू एवढ्या लांब जायचीस, तुला दिसायचं तरी काय?"

"मी चेंडू बघतच नाही," ती म्हणाली. "ढीग झाला की त्यातून तो उठला का, तेवढं बघते."

१८ ऑक्टोबर, मंगळवार

दुकानात गव्हाच्या बियाण्याची गर्दी. घरी आलो तर इमोजीन मला धुण्याचं मशीन शिकवायला बसली. भर हंगामात. पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, हे बटण आधी, ते नंतर. म्हटलं, तू कुठे निघालीस का? म्हणाली, "माणसाला आपला शर्ट आपल्याला धुता यावा." बायकांच्या मासिकात काहीतरी वाचलं असणार.

अंगठी तिने साखळीत घालून गळ्यात अडकवलीय. बोटातून सुटते म्हणे. बारीक झालीय खरी, आणि छान दिसते. तसं मी तिला बोललोही. मी असं वर्षातून एकदा बोलतो, त्यामुळे तिला आवडलं असावं.

३० ऑक्टोबर, रविवार

चर्चमधून आल्यावर इमोजीनने काहीतरी मागितलं. ती कधी मागत नाही म्हणून लिहून ठेवतो. म्हणाली, "व्हर्नन, यंदा सटिलाला बोलव."

मी म्हटलं, दोन सामने हरलेत ते.

"मला डॉइलला एकदा आपल्या मैदानावर खेळताना बघायचंय. घरून चालत जाऊन. आणि मला गेटजवळची जागा दे."

गेटजवळून निम्मं मैदान दिसत नाही, मी तुला मधोमध बसवीन, असं म्हटलं. ती म्हणाली गेटजवळचीच हवी. बरं म्हटलं. जागा हातातली आहे, संघ नाही. प्रमुखाने आपल्याच पोराच्या संघाला बोलवलं तर हॅन्सफर्डमधलं कुत्रंही मला विचारणार नाही. हे तिला नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मला माहितीय तू कसा आहेस." मग रताळी सोलायला लागली आणि अर्ध्यातच टाकून आडवी झाली. रागावली असावी.

७ नोव्हेंबर, सोमवार

समितीत आज जुंपली.

बाहेरच्याला कळणार नाही म्हणून पायापासून लिहितो. पिकार्ड म्हणजे वकील, बँकवाले, इस्त्रीचे शर्ट. सटिला म्हणजे शेतकी कॉलेज. सटिलावाले पिकार्डला इस्त्रीवाले म्हणतात, पिकार्डवाले सटिलाला शेणकुटे म्हणतात. आजोबांच्या काळात सटिलाच्या पोरांनी पिकार्डच्या प्राचार्याच्या शेतावरून काकवी आटवायची लोखंडी कढई पळवली. ती परत मिळवायला पिकार्डवाले आले, मारामारी झाली, आणि शेरीफने सांगितलं की डोकी फोडू नका, फुटबॉल खेळा, जिंकेल त्याची कढई. तेव्हापासून दर नोव्हेंबरात कढईचा सामना होतो. या सामन्यापायी सोयरिकी मोडल्यात. माझ्या सासऱ्याने पिकार्डच्या दंतवैद्याकडे जायला नको म्हणून दुखरी दाढ वर्षभर तशीच ठेवली होती. यंदाचा सामना एकोणीसला, पिकार्डच्या मैदानावर.

आता मुद्दा. नियमाप्रमाणे एकोणीसच्या संध्याकाळपर्यंत कोणालाही आमंत्रण देता येत नाही. पण नियम पाळत बसलं की पदरात उरलेसुरले संघ पडतात. म्हणून असे सामने भरवणारे सगळे बोलवाले आधीच गुपचूप हात मिळवून ठेवतात. कागद नाही, सही नाही. हात दिला की दिला. दिलेला हात फिरवणाऱ्याला पुन्हा कोणी दारात उभं करत नाही.

पिकार्डच्या संघाचा कारभार बघणाऱ्या स्ट्राउडसाहेबांचा निरोप आलाय. या आठवड्यात हात द्या, नाहीतर आम्ही फ्लोरिडाच्या बोलला चाललो.

अमोस म्हणाला, "एकोणीसपर्यंत थांब. कढईच्या सामन्यात काहीही होतं."

"आणि फ्लोरिडाने पिकार्डला उचललं तर?"

"मग सटिलाला बोलव. मैदान भरेल."

"दोन हरलेल्यांनी? तुझं कॉलेज आहे म्हणून बोलतोयस अमोस."

तो लाल झाला. "कॉलेज गेलं खड्ड्यात," तो म्हणाला. "इमोजीनला पोराला बघायचंय."

"माझ्या बायकोचं मी बघतो. तू तुझे पेशंट बघ."

तो उठूनच गेला. एवढा शिकलेला माणूस, आणि फुटबॉल आला की शाळकरी पोर होतो.

१० नोव्हेंबर, गुरुवार

दिला हात.

महामार्गावरच्या माशांच्या हॉटेलात स्ट्राउडसाहेबांना भेटलो. माणूस गोड बोलतो, पण जेवताना टाय खांद्यावर टाकतो. मी विचारलं, कढईचा सामना तुम्ही हरलात तर? ते हसले. "टीगसाहेब, शेणकुट्यांशी? हरलो तरी आम्ही येणार आणि तुम्ही आम्हाला घेणार. हात याचसाठी असतो."

येताना गाडीत हलकं वाटलं. मैदान भरणार, टीव्ही येणार. आणि पोराची बाजू घेतली असं कोणी म्हणणार नाही. इमोजीनला सांगितलं नाही. गुपित ते गुपित.

तिने नाताळचा केक आजच करून ठेवलाय. एवढ्या लवकर का, विचारलं, तर म्हणाली की मुरला की चांगला लागतो.

२० नोव्हेंबर, रविवार

सटिला जिंकली.

काल मी पिकार्डच्या मैदानावर, वरच्या काचेच्या खोलीत, काकवीचा कोट घालून पाहुणा म्हणून बसलो होतो. तिथे आरडाओरडा करायला बंदी आहे. शेवटच्या मिनिटाला सटिला दोन गुणांनी मागे होती. तीन गुणांसाठी लांबून चेंडू खांबांमधून मारायचा होता आणि पाऊस लागला होता. ओला चेंडू, मागे नीट द्यायचा डॉइलने. दिला. सुतात दिला. मारणाऱ्याने मारला आणि चेंडू आत गेला. शेणकुट्यांनी मैदानात उड्या टाकल्या, कढई डोक्यावर घेतली. माझा पोरगा चिखलात पालथा पडला होता. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो.

स्ट्राउडसाहेब शेजारी येऊन उभे राहिले. "हात दिलाय तुम्ही," एवढंच म्हणाले.

सहा वाजता मी फोन केला आणि पिकार्डला आमंत्रण दिलं. दुसऱ्या बोलवाल्यांनीही आपापले हात आधीच देऊन ठेवलेत. कढई जिंकून सटिलाला कोणी बोलावलं नाही. डॉइलचा हा शेवटचा सामना.

घरी आलो तेव्हा इमोजीन स्वयंपाकघरात रेडिओजवळच बसली होती. रेडिओ बंद होता. तिने बाहेर जायचा निळा झगा घातला होता, का कोण जाणे. म्हणाली, "जिंकले ना? आता बोलावशील ना?"

मी सांगितलं. हात दहा तारखेलाच दिला होता, हेही सांगितलं.

ती टेबल धरून उठली. मग म्हणाली, "तू शब्द दिलास. मग झालं." आणि झगा बदलायला आत गेली.

आज दुपारी अमोस आला. दारातूनच सुरू झाला. "फिरव हात. अजून वेळ आहे. व्हर्नन, तुला माहीत नाही तू काय..."

"अमोस," इमोजीन आतून म्हणाली, "बस आणि पेकनच्या दाण्यांचं गोड खा."

"इमोजीन, मी याला सांगणार आहे."

"तू मला कबूल केलंयस. बस."

काय कबूल केलंय ते दोघांनीही सांगितलं नाही. मला वाटतं, तिने त्याला माझ्याशी न भांडण्याची शपथ घातली असावी. तो खुर्चीत बसला, गोड खाल्लं, आणि त्याचे डोळे भरून आले. एका सामन्यासाठी. मला त्याची थोडी कीव आली. मी म्हटलं, "अमोस, शब्द फिरवला तर हॅन्सफर्डला पुढे कोण विचारेल?" तो म्हणाला, "हॅन्सफर्डला नाही विचारलं तरी चालेल रे." गावाबद्दल असं बोलणं मला पटलं नाही.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

काल थँक्सगिव्हिंगचा सण. डॉइल घरी आला. माझ्याशी बोलायचं नाही असं ठरवूनच आला होता. "मीठ दे" एवढं बोलला, तेही टेबलाकडे बघून. पण आईला बघून दारातच थबकला. नंतर मला गॅरेजमध्ये गाठलं.

"बाबा, आईला काय झालंय?"

"काही नाही. कमी खाते. डाएट."

"तुम्ही तिच्याकडे बघितलंय का?"

"रोज बघतो," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी त्याला आवाज चढवून बोललो. सामन्याचा राग काढतोय, कळत होतं मला.

टर्की कोरडी झाली होती. ती तिच्या हातून कधी कोरडी होत नाही. जेवण झाल्यावर इमोजीन म्हणाली, "डॉइल, मला चेंडू टाकून दाखव." मागच्या अंगणात तिची खुर्ची नेली, पांघरूण दिलं. डॉइल वाकला. घ्यायला कोणी नव्हतं म्हणून मला उभं केलं. काकवीच्या समितीचा प्रमुख, सणाचे कपडे, आणि गवतात पाय रोवून उभा. पहिला चेंडू पोटात बसला. दुसऱ्याने अंगठा मुरगळला. इमोजीन टाळ्या वाजवत होती. "व्हर्नन, तू गचाळ आहेस," म्हणाली, आणि डॉइल हसला. घरी आल्यापासून पहिल्यांदा.

गारठा वाढला. मी म्हटलं, आत चल, आजारी पडशील. ती म्हणाली, "अजून एक." तो टाकला. "अजून एक." असं अंधार पडेपर्यंत चाललं. शेवटी मला चेंडू दिसेना. तिला तर काहीच दिसत नसणार, पण ती खुर्चीतून उठेना.

अंगठा सुजलाय.

४ डिसेंबर, रविवार

इमोजीनला काल सकाळी उठवेना. अमोसला बोलावलं. तो तिला घेऊन कौंटीच्या दवाखान्यात गेला, मी मागून गाडीने. तिथल्या बाकावर त्याने मला सगळं सांगितलं. कॅन्सर. ऑगस्टपासून. हात लावण्यापलीकडे गेलेला.

ऑगस्टपासून. मी बटण लावून घेत होतो.

मी म्हटलं, तू मला सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "तिने सांगू दिलं नाही. म्हणाली, व्हर्ननला एका वेळी एकच काळजी झेपते, आणि आता त्याचा हंगाम आहे. सामना होऊन जाऊ दे, जानेवारीत सांगू. मी तिला म्हटलं होतं, जानेवारी लांब आहे."

मग म्हणाला, "सतरा डिसेंबरच्या सामन्यापर्यंत मी तिला उभी ठेवली असती. कशीही. तेवढंच मागत होती."

 

६ डिसेंबर, मंगळवार

दिवसभर तिच्याजवळ. जाग आली तेव्हा विचारलं, मला का नाही सांगितलंस? कळलं असतं तर मी हात फिरवला असता.

ती म्हणाली, "म्हणूनच."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "सांगून मागितलं असतं तर तू दिलंच असतंस. मग जन्मभर मान खाली घालून फिरला असतास. मला वाटलं, न सांगता मिळालं तर बघू." पाणी मागितलं. मी पाजलं. "पण अंगणात छान झालं," म्हणाली.

१३ डिसेंबर, मंगळवार

इमोजीन काल गेली. डॉइल आणि मी दोघंही होतो.

१५ डिसेंबर, गुरुवार

तिला पोचवलं. समितीचे सगळे कोट घालून आले. त्यांना वाटलं तसं बरं दिसेल. त्या रंगाकडे माझ्याने बघवेना.

लोकांनी एवढे डबे आणलेत की फ्रिज मिटत नाही. डॉइलचा सदरा आणि माझे दोन धुवायला टाकले. रंगीत वेगळे. मशीनसमोर उभा राहिलो आणि मला ते ऑक्टोबरापासूनचं सगळं एकदम कळलं. मशीन, अंगठी, केक, रताळी. मी हे सगळं या वहीत माझ्या हाताने लिहिलंय, तक्रार करत करत. जमिनीवर बसून रडलो. डॉइलने मशीन सुरू केलं. दुसरं बटण मी चुकवलं होतं.

१७ डिसेंबर, शनिवार

सामना झाला.

अमोस म्हणाला, नको येऊस, कोणी काही म्हणणार नाही. मी गेलो. पिकार्डला मी बोलावलं होतं, दारात उभं राहून स्वागत करणं माझं काम. स्ट्राउडसाहेबांचा हात पुन्हा हातात घेतला. त्यांनी ऐकलं होतं, काहीतरी चांगलं बोलले. माणूस वाईट नाही. हात मीच दिला होता.

डॉइलला विचारलं, येतोस का? म्हणाला, "नाही बाबा. इथूनच आवाज ऐकतो."

मैदान गच्च भरलं. टीव्हीवाले खूश. पुढच्या वर्षीची चिंता मिटली म्हणून समितीतल्यांनी माझी पाठ थोपटली.

मी गेटजवळ बसलो, तिच्यासाठी ठेवलेल्या जागेच्या शेजारी. तिथून निम्मं मैदान दिसत नाही. पण बाहेर पडायला अगदी जवळ आहे, कोणी चालून दमलेलं असेल तर. ती जागा रिकामीच ठेवायची असं मी ठरवलं होतं. पहिला भाग निम्मा झाला असेल, तेव्हा पिकार्डच्या लाल टोपीतली एक बाई धापा टाकत आली. वाटेत गाडी बंद पडली म्हणाली, तिच्या जागेवर कोणीतरी बसलंय, इथे कोणी आहे का.

मी म्हटलं, "बसा."

तिने पिशवीतून उकडलेल्या शेंगा काढून मला दिल्या. मग पुढे झुकून बघायला लागली. सगळे एकीकडे ओरडायचे आणि ही दुसरीकडेच बघत असायची. मी विचारलं, "तुमचा कोण?"

"सेंटर. चोपन्न नंबर," ती म्हणाली. "चेंडूचं मला काही कळत नाही. ढिगातून उठला का, एवढंच बघते. तुमचं कोणी खेळतं?"

"मुलगा. खेळायचा. तोही सेंटर."

"अगंबाई. मग त्याच्या आईला माझं कळेल. आल्यात का त्या?"

मी म्हटलं, "त्या तुमच्याच जागेवर बसणार होत्या."

तिने माझ्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही. शेंगांची पिशवी आमच्या मध्ये ठेवली.

कोण जिंकलं ते उद्या पेपरात येईल. मी चेंडू बघितला नाही. दुसऱ्या बाईचा तो पोरगा वाकायचा, चेंडू मागे द्यायचा, माणसांचा ढीग त्याच्यावर पडायचा, आणि मी श्वास धरून बसायचो. दर वेळी तो उठला.